आवाजाची घुंडी

“भाऊ, बटनं घट्ट आहेत.”

हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकलं आहे, की कोणी झोपेतून उठवून म्हटलं तरी मी डोळे न उघडता उत्तर देईन, “घट्ट नाहीत हो, वजनदार आहेत.” सीताबर्डीवरच्या एका वाद्यांच्या दुकानात माझी सगळी नोकरी झाली. पुढच्या बाजूला विक्री, मागे पडद्याआड दुरुस्ती, आणि दोन्हीकडे मीच. ढोलक्या, पेट्या, गिटारी, सगळं हातातून गेलं. पण माझं डोकं कोणी खाल्लं असेल, तर ते या एका तक्रारीनं.

आधी हे सांगतो, की त्यांना बटनं म्हणत नाहीत. बटन दिव्याला असतं. पेटीला असतात त्या पट्ट्या; कीबोर्डलाही पट्ट्या आणि पियानोलाही पट्ट्या. हे सांगून सांगून मी थकलो आणि शेवटी शेवटी मीच गिऱ्हाइकाला विचारायला लागलो, “कोणतं बटन?”

मनीषनगरचे एक गृहस्थ होते. मुलगी काही वर्षं कीबोर्ड शिकली, हात बरा बसला, म्हणून त्यांनी तिला वजनदार पट्ट्यांचा पियानो घेऊन दिला. विजेवरचाच, पण पट्ट्यांना खऱ्या पियानोसारखं वजन असलेला. त्याच आठवड्यात फोन. बटनं घट्ट. मी जाऊन पाहतो तर पट्ट्यांच्या फटीफटीतून तेल ओघळतंय. शिलाई मशीनचं तेल. शेजारणीनं सांगितलं म्हणे.

“नव्या चपलेसारखं आहे ना हे?” गृहस्थ म्हणाले. “वापरून वापरून सैल होईल?”

“नाही होणार. होऊही नये.”

“मग पोरीनं काय करायचं?”

“पोरीनं घट्ट व्हायचं,” मी म्हटलं. ते त्यांना आवडलं नाही. नंतर त्यांनी माझी शेठजींकडे तक्रार केली, की तुमचा माणूस उद्धट आहे.

भिवापूरच्या एका गुरुजींनी तर त्याच्याही पुढची मजल मारली. पट्ट्या ओलीनं फुगल्या असतील असं धरून त्यांनी सगळा पियानो गच्चीवर उन्हात ठेवला. खाली चादर अंथरून, बाजूला मिरच्या वाळत घातलेल्या, मध्ये हे. भर एप्रिलात. पट्ट्या अशा वाकल्या की वाजवणं दूरच, बघवेना. “आता जरा सैल वाटून राहिल्या,” हे वर मलाच सांगतात!

ज्यांचा या गोष्टींशी कधी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या कीबोर्डची पट्टी म्हणजे दारावरची घंटी. खाली रबर, एखादी स्प्रिंग. बोट टेकलं की आवाज. खऱ्या पियानोचं काम निराळं. आमच्याकडं धान कांडायची ढेकी असायची. लांब लाकूड, मध्ये टेकू, एका टोकावर पाय दिला की दुसऱ्या टोकाचं मुसळ उचललं जायचं. पियानोची प्रत्येक पट्टी ही एक लहान ढेकी आहे. इकडे तुम्ही बोट दाबता, तिकडे आत एक हातोडी उडते आणि तारेवर आपटते. त्या हातोडीचं वजन तुमच्या बोटाला लागतं. विजेवरच्या चांगल्या पियानोत तारा नसतात, पण पट्टीमागे वजन मुद्दाम ठेवलेलं असतं, हाताला खऱ्याची सवय व्हावी म्हणून.

आणि गंमत अशी, की आवाज लहान-मोठा होतो तो पट्टी किती वेगानं खाली गेली त्यावर. नुसतं रेटून उपयोग नाही. झटकन दाबली तर हातोडी जोरात उडते, मोठा आवाज. फार हळू दाबली तर हातोडी तारेपर्यंत पोचतच नाही. पट्टी खाली जाते आणि आवाजच येत नाही. आम्ही म्हणायचो, सूर गळला. कीबोर्डवर हात बसलेला माणूस पियानोवर बसला, की त्याचे निम्मे सूर गळतात आणि उरलेले दगडासारखे पडतात. मग तो उठतो आणि म्हणतो, बटनं घट्ट आहेत.

हे सगळं मला नीट सांगता येतं, कारण मी बी.एस्सी. आहे, फिजिक्स घेऊन. पारशिवनीकडच्या खेड्यातून आलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी कुठंही सांगतो. लाजायचं काय त्यात? बाबांना मात्र शेवटपर्यंत उमगलं नाही, की इतकं शिकून पोरगा बाजे काहून विकते. गावात कोणी विचारलं की ते सांगायचे, “पोरगा नागपूरले मशिनीच्या खात्यात आहे.” दुकानात शेठजी मला नावानं न बोलावता ‘बीएस्सी’ म्हणायचे, थट्टेनं. मी ती थट्टा कधी थट्टा म्हणून घेतलीच नाही. पुढे गिऱ्हाइकंही बीएस्सीभाऊ म्हणायला लागली. एकच उणीव राहिली. मला स्वतःला वाजवता येत नाही. कोणती पट्टी कशी वाजायला हवी ते मला पक्कं कळतं. एकीमागून दुसरी कोणती वाजवायची, ते नाही. शिकायला हवं होतं. राहून गेलं.

आता विलासची गोष्ट. मी दुकान सोडायच्या आदल्या वर्षीची.

विलास हा ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला. पन्नाशीला आलेला, अंगानं किरकोळ, केसांना मेंदी. लग्नं, गणपती, नवरात्र, शारदोत्सव, नागपूरपासून गोंदियापर्यंत त्यानं कोणतं स्टेज सोडलं नव्हतं. त्याचा उजवा हात चांगला होताच, पण लोक पाहायचे ते त्याचा डावा हात. कीबोर्डच्या डाव्या टोकाला एक लहानसं चाक असतं. अंगठ्यानं ते ढकललं की सूर घसरत वर जातो, शहनाईसारखा, बासरीसारखा. विलास त्या चाकावर असा काही अंगठा फिरवायचा, की पाठवणीच्या वेळी नवरीच्या आईच्या आधी कॅटरिंगवाले रडायचे.

पण ऑर्केस्ट्रा संपले. गाणारे आता मोबाइलमध्ये ट्रॅक घेऊन येतात. बाकीचं डीजे पाहतो. एका दुपारी विलास कीबोर्ड पिशवीत घालून दुकानात आला आणि तो काउंटरवर आडवा ठेवला.

“विकून टाका, बीएस्सीभाऊ.”

“अन् तू का करशील?”

“मेव्हण्याचं तर्री-पोह्याचं दुकान आहे. गल्ल्यावर बस म्हणते. म्हणजे गल्ल्यावर तो बसन, मी प्लेटा धुईन.”

तो हसला. मी हसलो नाही. त्याची पिशवी उचलली आणि आतल्या कपाटात ठेवली. विकायला नाही, नुसती ठेवली.

त्याच आठवड्यात वर्धा रोडवरच्या एका मोठ्या हॉटेलातून बोलावणं आलं. त्यांच्या लॉबीत काळा, भला मोठा खरा पियानो होता. सूर लावायला बाहेरगावचा माणूस येई. बाकी पायातल्या पॅडलचं कुरकुरणं वगैरे मी पाहायचो. तिथल्या मॅनेजर एक बाई होत्या, इंदूरकडच्या. काम झाल्यावर म्हणाल्या, “पियानो बजानेवाला लडका छोड के चला गया. आप की नजर में कोई है? रोज शाम को. बस इतना देखिए, कि उसे समझ हो, यह लॉबी है.”

“है ना मॅडम,” मी म्हटलं. विचार न करता. “अपना आदमी है. एकदम तयार.”

लॉबी आहे म्हणजे काय ते मला लगेच कळलं. काळी पँट, पॉलिश केलेले जोडे, केसांची मेंदी जरा कमी. महिन्यानं चाचणी ठरली.

दुसऱ्या दिवशी विलासला दुकानातल्या वजनदार पट्ट्यांच्या पियानोसमोर बसवलं. त्यानं हात जोडले, बोटं मोडली, आणि ज्या गाण्यावर तो शेकडो वऱ्हाडं नाचवून आला होता ते सुरू केलं. काही सूर वाजले. बरेच गळले. डावा हात वाजवता वाजवता आपोआप डावीकडे गेला, चाक शोधत शोधत लाकडापर्यंत पोचला, आणि अंगठा लाकूड ढकलायला लागला.

“चाक कुठं गेलं?”

“पियानोले चाक नसते गा.”

“मंग डाव्या हातानं का करू?”

“वाजव! तिकडंही पट्ट्याच आहेत.”

त्यानं डावीकडच्या पट्ट्या दाबून पाहिल्या. त्या आणखी जड असतात. खालच्या सुरांच्या हातोड्या मोठ्या म्हणून. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच त्या जड केल्या.

“याचा आवाज कुठून वाढते?”

“बोटानं.”

“अन् गाणाऱ्याची पट्टी वेगळी अशीन तं? सूर वर-खाली सरकवायचं, ट्रान्सपोजचं बटन?”

“नाही.”

“चाक नाही, आवाज नाही, ट्रान्सपोज नाही,” विलास म्हणाला. “मंग हे घेते कोण, भाऊ?”

तिथून माझे हाल सुरू झाले. तो रोज दुकानात येऊन बसायचा. बोटं दुखतात म्हणून बाम चोळून यायचा. बामाचा वास पट्ट्यांना, मग गिऱ्हाइकांची तोंडं वाकडी. मी ढेकी समजावून सांगितली. कागदावर हातोडी काढून दाखवली. “जोर नाही गा, वेग! बोटानं खुपसू नको, हात सोड. कोपरापासून.” तो मान डोलवायचा, पुन्हा तसंच. त्याला खुर्ची नको होती. जन्मभर उभं राहून वाजवलेलं, बसला की त्याला आपण कोणाच्या घरी पाहुणे आलो असं वाटायचं. उभा राहिला की कमरेतून वाकायचा आणि कंबर धरायचा. शेठजी आतून ओरडायचे, “बीएस्सी, हा माणूस काय विकत घेणार आहे?” आणि पियानोच्या डाव्या टोकाच्या लाकडावर, त्याचा अंगठा घासून घासून, एक चकचकीत डाग पडला. तो डाग मी शेवटपर्यंत पुसत होतो, गेला नाही.

शेवटी मी वैतागून त्याला पियानोच घरी नेऊन दिला. पुण्याला गेलेल्या एका कुटुंबानं विकायला टाकलेला जुना होता. वजनदार पट्ट्यांचा, सगळा ठीक, फक्त हेडफोनचं भोक तुटलेलं. माझ्या शब्दावर शेठजींनी नेऊ दिला.

विलासचं घर दिघोरीकडं. पुढची खोली, मागची खोली, मध्ये पडदा. दार त्याच्या बायकोनं, सुनंदावहिनीनं उघडलं. त्या एका दवाखान्यात आयाचं काम करायच्या, कायमची रात्रपाळी. डोळे लाल, केस मोकळे. दुपारच्या झोपेतून उठून आल्या होत्या. आम्ही दोघांनी आणि ऑटोवाल्यानं ते धूड दारातून आत घातलं तेव्हा त्या भिंतीला टेकून पाहत होत्या.

“हे का वाजते का, भाऊजी?”

“वाजते तं. मोठ्या हॉटेलातल्यासारखं.”

“असं,” त्या म्हणाल्या, आणि पडद्याआड गेल्या. मी पुढचं काही विचारलं नाही.

त्यानंतर विलास दुकानात आला की खुशीत असायचा. “जमून राहिलं, भाऊ! एकदम लोण्यावानी.” मला बरं वाटलं. मॅनेजरबाईंना मी फोनवर सांगितलंही, की आपका आदमी रेडी है. चाचणीला आठवडा उरला असताना एका संध्याकाळी सहज त्याच्याकडे गेलो. वहिनी कामावर निघून गेल्या होत्या. विलासनं बसून दाखवलं. खरंच वाजत होतं. एकही सूर गळत नव्हता. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. म्हटलं, शेवटी ढेकी समजली याला.

मग मी पाहिलं, की त्याची बोटं तशीच आहेत. तीच वरवरची, पाण्यावर टिचक्या मारल्यासारखी. मी पुढे होऊन एका पट्टीला नुसतं बोट टेकवलं. भरीव, गोल आवाज आला.

विजेवरच्या पियानोत एक सोय असते. पट्टीला किती हात लावल्यावर किती आवाज यावा, ते ठरवता येतं. ‘हलका’ ठेवलं, की जरा बोट लागलं तरी सूर पूर्ण उमटतो. विलासनं ते हलक्यावर ठेवलं होतं आणि आवाजाची घुंडी खाली करून सगळं बारीक केलं होतं. म्हणजे पियानो घरी आल्यापासून हा पट्ट्यांच्या वजनावर नव्हे, यंत्राच्या मेहरबानीवर वाजवत होता. ऑर्केस्ट्रावाल्यांची ही जन्माची खोड. काहीही बिघडो, हात आधी घुंडीकडे जातो.

“अबे, हॉटेलातल्या पियानोले हे बटन लावून देईन का कोणी तुले?”

“भाऊ, ऐका ना. घरी जरा—”

“घरबिर काही नाही! मी तिथं शब्द देऊन बसलो. तुह्यासाठी!”

“मी कुठं म्हटलं होतं, द्या म्हून?” तोही चिडला. “मी तं कीबोर्ड विकायले आलो होतो. तुमीच म्हणे पियानो. बसल्या बसल्या तोंडानं सांगता, वेग, वेग! वाजवून दाखवा ना तुमी एकडाव!”

ते मला लागलं. लागायचंच होतं. पट्ट्यांचा टच ‘हलक्या’वरून नेहमीच्या जागेवर आणला. आवाज हॉटेलातल्या खऱ्या पियानोएवढा वाढवला, कानानं जुळवून. मग घुंडी धरली, ओढली, आणि ती माझ्या हातात आली. खाली नुसती लोखंडी दांडी उरली.

“हे मी घेऊन चाललो. खऱ्या पियानोले घुंडी नसते. आठ दिवस याच आवाजावर बसायचं, कशालेच हात नाही लावायचा. शब्द दे.”

“भाऊ, पण दिवसा—”

“शब्द दे, विलास.”

त्यानं खाली पाहत “हाव” म्हटलं. मी घुंडी शर्टाच्या खिशात टाकली आणि निघालो. सगळ्या वाटेनं ती छातीला टोचत होती.

तो आठवडा विलास दुकानात आला नाही. फोन केला तर घ्यायचा नाही. घेतला तर अगदी हळू आवाजात बोलायचा, “सुरू आहे, भाऊ,” आणि ठेवायचा. मी समजलो, रुसला. नाही तर बसतच नसेल. दोन्ही बाजूंनी माझीच फजिती होती. हॉटेलात माझं तोंड काळं, आणि विलास मेव्हण्याच्या प्लेटा धुवायला. कपाटातली ती पिशवी मी येता जाता पाहायचो.

चाचणीच्या दिवशी तो आला. काळी पँट, जोडे, केस नीट. मेंदी तेवढी कायम. संध्याकाळची वेळ, लॉबीत माणसं बसलेली. कोण्या लग्नाचे पाहुणे, कोण्या कंपनीचे लोक, कपबशांचे आवाज. मॅनेजरबाई लांबच्या सोफ्यावर बसल्या. मी खांबाजवळ उभा राहिलो. पाया पडल्यासारखं करून विलास खुर्चीवर बसला.

त्यानं सुरू केलं आणि मला काही ऐकूच येईना.

म्हटलं, गेले सगळे सूर. बोटं चालताहेत, माणूस डोलतोय, आणि इकडं नुसत्या कपबशा. मी मॅनेजरबाईंकडे पाहायचं टाळून, दबकत, फुलदाणी पाहत असल्यासारखा, पियानोच्या दिशेनं सरकलो. दोन खांब ओलांडले. तेव्हा कानावर आलं.

प्रत्येक सूर होता. एकही गळत नव्हता. नुसता बारीक होता. पण बारीक म्हणजे अर्धवट नाही; सगळ्या हातोड्या तारेपर्यंत जात होत्या आणि जेमतेम टेकून परत येत होत्या. जन्मभर या पट्ट्यांच्या तक्रारी ऐकल्या मी, मला माहीत आहे ते किती कठीण आहे. वजनदार पट्टी जोरात कोणीही मारील. तिला इतकं हळू, न गाळता, एकसारखं खाली नेणं, हे शिकलेल्यांनाही साधत नाही. लग्नाच्या पाहुण्यांतली एक म्हातारी बाई बोलता बोलता थांबली, जरा ऐकलं, आणि आवाज न चढवता पुन्हा बोलायला लागली.

मध्येच त्याचा डावा हात सुटला आणि चाक शोधायला निघाला. मोठ्या पियानोचं डावं टोक फार लांब असतं. विलास कलला, आणखी कलला, खुर्चीवरून पडतो की काय असं मला वाटलं. अंगठा लाकडाला लागला, लाकूड ढकललं, आणि हात गुपचूप परत आला. मी डोळे मिटून घेतले.

गाणं संपल्यावर मॅनेजरबाई उठून आल्या. मी माफी मागायच्या तयारीत.

“यही तो चाहिए था,” त्या म्हणाल्या. “पहले वाला इतना जोर से बजाता था, कि गेस्ट चिल्ला के ऑर्डर देते थे. मैंने कहा था ना आप से, समझ होनी चाहिए, यह लॉबी है. पहली तारीख से आ जाइए. और वो बाएँ हाथ से आप ऐसे क्या करते हैं?”

“स्टाइल है, मॅडम,” विलास म्हणाला.

बाहेर पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरजवळ आलो. मग मला राहवेना.

“कुठं शिकला बे, हे?”

“घरी.”

“मी तं घुंडी घेऊन गेलो होतो.”

“म्हूनच तं!” विलास म्हणाला. “तुमी आवाज पूर्ण ठेवून गेले. हिची रात्रपाळी. दिवसा झोपते, पडद्याच्या त्या बाजूले. रात्री वाजवलं तं शेजारी ओरडते. हेडफोनचं भोक तुटलं. पहिल्या दिवशी एक सूर वाजवला तं ही उठून बसली. म्हणे, एक तं हे राहीन घरात, नाही तं मी. मी तुम्हाले सांगून राहिलो होतो, तुमी ऐकलं कुठं? मंग का करता? बसलो तसाच. अशी पट्टी दाबायची, का ते वाजलीही पाहिजे अन् ही उठलीही नाही पाहिजे. वाजली नाही तं पुन्हा. उठली तं शिव्या.”

“अन् पकडीनं दांडी फिरवून आवाज कमी केला असता तं?”

विलासनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही वेडंवाकडं विचारलं.

“शब्द घेतला होता ना तुमी, भाऊ.”

खरं सांगतो, मला आनंद झाला, पण त्याच्या आधी संताप आला. महिनाभर मी त्या माणसाला तरफ समजावली, वेग समजावला, हातोडीची चित्रं काढून दाखवली. आमच्या घराण्यातलं पहिलं बी.एस्सी. त्याच्यापुढं ओतलं. आणि तो शिकला कशानं? पडद्यामागं एक थकलेली बाई झोपली होती, एवढ्यानं. मी जोरात वाजव म्हणून घुंडी नेली आणि तो हळू वाजवायला शिकला. आणि हॉटेलाला नेमकं तेच हवं होतं, आणि मॅनेजरबाईंनी मला ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि मी जोडे पॉलिश करायला लावले.

“एक काम होतं,” मी स्कूटर सुरू करत असताना तो म्हणाला. “त्या हॉटेलातल्या पियानोले डाव्या बाजूनं एखादं चाक बसवून देता का? लहानसंच.”

मी गिअर टाकला.

पहिली तारीख उलटून गेल्यावर कपाटातली पिशवी आणि ती घुंडी घेऊन मी दिघोरीला गेलो. विलास हॉटेलात जायच्या तयारीत होता, पण पिशवीतला कीबोर्ड त्यानं पोराला उचलावं तसा उचलला आणि थेट मागच्या खोलीत गेला. सुनंदावहिनी चहा टाकत होत्या. डोळे लाल नव्हते. मी खिशातून घुंडी काढून त्यांच्यापुढं धरली.

“वहिनी, हे बसवून देतो. आता काम झालं. आवाज पाहिजे तसा कमी करता येईन.”

त्यांनी घुंडीकडे पाहिलं, मग पडद्याकडे. पडद्यामागून कीबोर्ड सुरू केल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ चाकावर घसरलेला एक लांबलचक शहनाईचा सूर, भिंती हलतील असा.

“पाहा,” वहिनी म्हणाल्या. “घुंडी मिळाली का हे होते. ते तुमच्याचपाशी राहू द्या, भाऊजी. अन् जाताना त्याच्या कीबोर्डचीही घेऊन जा.”